मारिसेलच्या गजाचे केस

कार्देनास, १८ जानेवारी १९९८

ती. दादास,
नेरेइदाचा सा. न. वि. वि.

व्हायोलिन पोचलं. तुझी शेजारीण वारादेरोच्या हॉटेलात सामानही न उघडता थेट टांग्यात बसून आमच्या शाळेत आली. भली बाई. आईने महिन्याची उरलेली सगळी साखर तिच्या कॉफीत घातली. मी डोळे वटारले, पण आई कधी कुणाचं ऐकते?

माझी विद्यार्थिनी दायामी पेटी उघडून रडायलाच लागली. पोर ताडमाड वाढली आहे. शाळेतलं लहान मापाचं व्हायोलिन तिच्या खांद्यावर खेळण्यासारखं दिसायचं. मे महिन्यात हवानाच्या संगीतशाळेची परीक्षा आहे आणि पूर्ण मापाचं वाद्य नसेल तर तिथे उभंही करत नाहीत. आता निदान दारात तरी जाईल.

एक तक्रार आहे. तिकडे राहून इथली हवा विसरलास का रे? तुमच्या कोरड्या थंडीत बसवलेले गजाचे केस इथल्या दमटपणात सैल पडले. स्क्रू पिळून पिळून हात दुखले, तरी लोंबतच राहिले. शेवटी मी ते काढले आणि फेर्मिनच्या टांग्याच्या पांढऱ्या घोड्याचे बसवले, बाबा बसवायचे तसे. आमच्या शाळेपायी त्या घोड्याची शेपटी पार उंदराची झाली आहे. फेर्मिन पैसे घेत नाही. टांगा शाळेवरून गेला की मुलांनी त्याच्या आवडीची धून वाजवायची, एवढीच त्याची अट.

हे व्हायोलिन मारिसेलचंच ना? तिच्या फोटोत पाहिलंय, ओळखलं मी. म्हणजे लाडोबाला नवं घेतलंस! तिला म्हणावं, आत्याला विसरलीस तर विसर, पण आजीला चार ओळी खरडायला काय होतं? नाताळातही काही आलं नाही. आई रोज पोस्टमनला फैलावर घेते.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नेरेइदा


माँट्रियल, ६ फेब्रुवारी १९९८

चि. नेरेइदास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. हे पत्र आणणाऱ्या गृहस्थांकडे तारांचे चार संच आणि गजाच्या केसांवर घासायच्या राळेच्या वड्या दिल्या आहेत. दायामीला म्हणावं, तारा जपून वापरू नकोस, तुटल्या तर आणखी पाठवीन. परीक्षेआधी नव्या तारांवर हात बसलेला बरा.

हवेचं माझ्या खरंच ध्यानात राहिलं नाही. पण तू काढलेले ते केस टाकले नसशील. ते कागदात गुंडाळून याच गृहस्थांकडे दे. धुऊ नकोस, झटकूही नकोस, आहेत तसेच दे. विसरू नकोस, एवढं काम माझ्यासाठी कर.

मारिसेल अभ्यासात आहे, असं आईला सांग. इथे बर्फ पुष्कळ आहे. मी ठीक आहे.

सर्वांनी मला मनात असू द्यावं.

तुझा दादा,
एव्हेलिओ


कार्देनास, १ मार्च १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आणि आई खूप हसलो. कॅनडातले घोडे संपले का रे? मूठभर जुन्या केसांसाठी एवढी आर्जवं! म्हातारपणी चिक्कू होतोयस, असं आईचं म्हणणं आहे.

पण ते केस आता माझ्याकडे नाहीत. इथे कुणी केस टाकतं का? लिसांद्रा आणि रेइनेर म्हणून सात वर्षांची जुळी भावंडं यंदा शाळेत आली. त्यांची आई वारादेरोला हॉटेलात चादरी धुते. दोघांच्या गजांना मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्या लावल्या होत्या आणि आवाज असा यायचा की कुत्री उठून जायची. मी ते केस साबणाच्या पाण्यात स्वच्छ धुतले, तुटके वेगळे केले आणि उरलेल्यांचे दोन चिमुकले गज भरले. आता कुत्री बसून राहतात. तेवढी प्रगती आहे.

दायामी सकाळ-संध्याकाळ घासते आहे. वीज गेली की शाळेच्या पायरीवर बसून वाजवते आणि रस्त्यावरचे लोक सायकली थांबवतात.

तुझ्या पत्रात मारिसेलविषयी एकच ओळ. दादा, बाप-लेकीचं भांडण झालंय का? असेल तर तू लहान हो. तुला ते जमत नाही, मला ठाऊक आहे, पण हो.

घरची आठवण काढत राहा.

तुझी,
नेरेइदा


माँट्रियल, २९ मार्च १९९८

चि. नेरेइदास,
आशीर्वाद.

भांडण झालं नाही. मारिसेल गेली. ऑक्टोबरच्या शेवटी रस्त्यावर पहिल्यांदा बर्फ गोठलं आणि ती ज्या गाडीत होती, ती घसरली. तालमीला निघाली होती. व्हायोलिन मागच्या सीटवर होतं, त्याला ओरखडाही आला नाही.

तुला कळवायला हवं होतं. पण फोन येतो तो शेजारच्या घरी. आईच्या आधी सगळ्या गल्लीला कळलं असतं. पत्र लिहायला बसायचो आणि हवापाणी लिहून उठायचो.

ती पेटी घरात असली की मला तिच्या खोलीत पाय टाकता येईना, आणि तू मोठ्या व्हायोलिनसाठी मागे लागली होतीस, म्हणून पाठवलं. लाकूड मी पुसून दिलं. गजाला मात्र हात लावला नाही. त्या सकाळी तिने त्यावर राळ घासली होती. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणून पेटीबरोबर तो गजही गेला. तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, निदान ते केस तरी परत मिळतील.

धुतलेस, म्हणजे राळ गेलीच. तुझी काही चूक नाही. तू करतेस तेच केलंस.

आईला कसं सांगायचं ते तू ठरव. मला जमणार नाही.

तुझा दादा


कार्देनास, २४ मे १९९८

प्रिय दादा,

आज मायना सुचत नाही. मी हसले होते रे तुला. आईही हसली होती.

आईला मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोस्टमनला घरात बोलावून तिने कॉफी दिली आणि इतके दिवस बोलल्याबद्दल त्याची माफी मागितली. तेव्हापासून दारात बसत नाही.

दायामी पास झाली. सप्टेंबरात व्हायोलिन तिच्याबरोबर हवानाला जाईल. कुणाचं आहे ते मी तिला सांगितलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने मारिसेलसाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

आता केसांचं. जुळ्यांचे दोन्ही गज मी मागून घेतले. मुलं लगेच देऊन गेली. ब्लेड हातात घेतलं, पण कापवेना. दादा, ते तुझे आहेत. तू हो म्हणालास तर त्याच दिवशी कापून पाठवीन आणि पोरांना फेर्मिनच्या घोड्याचे लावीन. तोवर गज त्यांना परत दिले आहेत. सोबत टेप पाठवते. दोघं त्याच गजांनी वाजवताहेत. मधे खोकते ती आई.

जेवत जा. रागावला असशील तर रागाव, पण लिही.

नेरेइदा


माँट्रियल, १४ जून १९९८

चि. नेरेइदास,
अनेक आशीर्वाद.

कापू नकोस.

फारच बेसूर वाजवतात गं ती दोघं. त्या मुलीचा गज तारेवरून सारखा घसरतो आणि मुलगा तिच्यासाठी न थांबता पुढे पळतो. मारिसेल सात वर्षांची असताना अगदी असंच वाजायचं. मी स्वयंपाकघरातून ओरडायचो की दार लाव.

टेप संपली की पुन्हा पहिल्यापासून लावतो. तिच्या खोलीत बसलोय, दार उघडंच ठेवलंय. लहान मापाच्या तारा कुठे मिळतात ते उद्या बघतो.

आईला नमस्कार. मुलांना सांग, थांबू नका.

तुम्हा सर्वांचा,
एव्हेलिओ