डबल स्टँडवर पसंत केलेली मोटारसायकल

तीर्थरूप मामांस,

वाकून नमस्कार. (गुडघ्याला पट्टी आहे, त्यामुळे जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घ्यावा.) तुमचा खोकला थांबला असेल आणि मामी तुम्हाला बाहेर पडू देत असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य पत्रात लिहावं लागतं म्हणून लिहिलं. आता खरं सांगतो.

मोटारसायकल घ्यायचं ठरल्यावर मी तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात की पहिली गाडी हलकी घे, बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का बघ, बाकी काही बघू नकोस. मी हो हो म्हटलं आणि मनात म्हटलं, मामांचं आता वय झालं. चष्म्याच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. रोज गिऱ्हाइकांना सांगतो की आरशात काय बघताय, फ्रेम नाकावर नीट बसते का ते बघा. आणि शोरूममध्ये मीच सगळ्यांत उंच, काळ्या गाडीवर चढून समोरच्या काचेत स्वतःला न्याहाळत राहिलो. गाडी डबल स्टँडवर, माझे पाय मजेत फूटरेस्टवर, आणि विक्रेता म्हणतोय की सर, ही तुमच्यासाठीच बनलीय. (हेच वाक्य मी दिवसभर लोकांना ऐकवतो, तरी पाघळलो.) पाय खाली सोडून बघायचं राहूनच गेलं. घरी आणल्यावर कळलं की एका बाजूला कललो तर त्या बाजूचा अंगठा तेवढा टेकतो, आणि दुसरा पाय हवेत लोंबकळतो.

पन्नाशीला याला हे काय सुचलं, असं वाटलं असेल. मामा, माझी हौस नव्हती हो. म्हणजे होती, पण निम्मी. तुमची भाचेसून रक्त तपासायच्या लॅबमध्ये पहाटेच्या पाळीला जाते, दोन बस बदलून, बहुतेक उभ्यानेच. तिला एकदा ऐटीत दारापर्यंत सोडावं, एवढंच मनात होतं. म्हणून तर तिला न सांगता एकटाच जाऊन गाडी घेऊन आलो.

गाडी चालती असेपर्यंत मी बरा चालवतो, पंचाईत होते ती थांबताना. पहिल्याच दिवशी तिला मागे बसवून निघालो आणि सिग्नलला थांबलो. रस्ता डावीकडे उतरता. माझा पाय जमीन शोधत राहिला, जमीन काही सापडेना, आणि आम्ही दोघं गाडीसकट इतके सावकाश आडवे झालो की मागच्या टेंपोवाल्याला आरामात ब्रेक लावता आला. तिचं कोपर सोललं. ती उठली, जेवणाचा डबा पुसला आणि शांतपणे म्हणाली, "गाडी माझ्यासाठी घेतली म्हणता, मग घ्यायच्या आधी मला एकदा तिच्यावर बसवून का नाही पाहिलंत?" तेवढ्यात बस आली आणि ती निघून गेली.

तेव्हापासून ती पुन्हा बसनेच जाते. कधीकधी मी मागून गाडी नेतो. ती आत दांडीला धरून उभी असते, आणि माझ्या मागची सीट कोरी करकरीत. फार वाईट वाटतं, मामा. चिडली असती तर निदान समजूत घालता आली असती.

मामींना नमस्कार.

तुमचा,
न ऐकणारा भाचा

ता. क. तुमची जुनी, बुटकी मोटारसायकल शेडमध्ये पडूनच आहे ना? ती मिळाली तर माझा संसार रुळावर येईल. पाहिजे तर ही काळी तुम्ही ठेवा. तुम्ही उंच आहात.

ता. क. पुन्हा. पाकीट चिकटवायच्या आत हिने पत्र वाचलं. म्हणते, गाडी जरूर मागा, पण माझ्यासाठी मागा. शिकाऊ परवाना काढून झालाय म्हणे, मैत्रिणीच्या गाडीवर हातही बसलाय. मला पत्ता नव्हता. मी विचारलं, मग मी मागे बसत जाऊ का. म्हणाली, "तुमचं दुकान बसच्या रस्त्यावरच आहे."