कॉम्प्युटरसाठी गाऱ्हाणं

तोंडवली,
शनिवार सकाळ

चि. भक्ती हिस अनेक आशीर्वाद.

मी आणि तुझी आई खुशाल आहोत. तुझी सर्दी गेली का? पुण्यात तू पंखा जोरात लावून झोपतेस, हे मला इथे बसून कळतं. खरं तर मेलच करणार होतो, पण कॉम्प्युटर चालू केला आणि तो उठेपर्यंत पत्रच लिहायला घेतलं.

तर विषय त्याचाच. आपल्याकडे उतरलेले पर्यटक सकाळी बॅगा खांद्याला लावून पावतीसाठी उभे, आणि हा पडद्यावर नुसता गोल फिरवत बसलेला. (त्यांचा दुसरा चहा होतो, गोल फिरतोच आहे.) मी वायर बदलली, धूळ झटकली, शेवटी त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, ‘बा म्हाराजा, ह्येच्यात काय वाकडा-नाकडा शिरला आसात तर भायर काढ, आणि ह्येका येळार उठव रे म्हाराजा.’ मागे उभ्या नाशिकच्या मंडळींनीही मनापासून ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. गाऱ्हाणं संपायला आणि पडदा उजळायला एकच गाठ पडली. तेव्हापासून रोज गाऱ्हाणं. घाईत उरकलं की तो उठत नाही, यावरून तरी मला शंका यायला हवी होती; मी मात्र गाऱ्हाणं लांबवत गेलो. (आई हसते, पण त्या नारळांच्या वड्या करते.)

परवा कुडाळहून रश्मीला बोलावलं. तिथे तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिने थोडी खाटखूट केली आणि म्हणाली, ‘काका, ह्येका काय्येक झाला नाय. ह्यो आधी भक्तीक शोधता.’ तू घरून नोकरी करायचीस तेव्हा तुझा लॅपटॉप घरच्या नेटवर्कवर याला जोडलास, आणि चालू होताना आधी तोच गाठायचा असं सेटिंग करून ठेवलंस. तू गेलीस, सेटिंग राहिलं. बिचारा रोज उठल्याउठल्या तुला हाका मारतो, उत्तराची वाट बघतो, आणि मग कामाला लागतो. हे ऐकून मी अंगणात जाऊन उगाच झावळ्या आवरल्या. मला भरून आलं होतं, तुला सांगायला काय हरकत आहे.

रश्मी म्हणाली, सेटिंगमधून भक्तीचं नाव काढून टाकलं की लगेच चालू होईल. आईने तिला थांबवलं, ‘रवांदे गो. आमका खंयची बस गाठूची आसा?’

तुझा,
बाबा

ता. क. : गेल्या चतुर्थीला तू आली नाहीस, त्याच्या आदल्या वर्षीही नाही. यंदा ये. येताना तोच जुना लॅपटॉप आण आणि एकदा याला भेटव. जमणार नसेल तर तसं कळव, रश्मीला नाव काढायला सांगतो.

आणखी एक : वरचं शेवटचं वाक्य आईने वाचलं. तू आलीस नाही आलीस, नाव काढायचं नाही म्हणते. पाहुण्यांना आणखी एक चहा देऊ.