दहा बाय आठचा फ्लेक्स आणि पंचवीस फुटी कडा

१ जानेवारी २०२५, बुधवार. पहाटे ५.
प्रत्यक्षात सकाळचे पावणेनऊ. पण उठायचं पाचला ठरलं होतं, म्हणून पाच लिहिलं.
मुकुंदवाडीत फ्लेक्सचं दुकान टाकून तेवीस वर्षं झाली. तेवीस वर्षं दुसऱ्यांची तोंडं छापली. वाढदिवस, निवड, दुःखद निधन, भावी नगरसेवक. स्वतःचं तोंड एकदाही नाही. आता बस्स. पन्नाशी आली, इथून पुढं समाजासाठी जगायचं. ‘शिखर युवा प्रतिष्ठान’ रजिस्टर करून दोन वर्षं झालीत, फक्त काम सुरू व्हायचं राहिलंय. अध्यक्ष मी. सचिव सुरेखा. बायको आहे म्हणून नाही, सही चांगली करते म्हणून.
संकल्प: रोज पहाटे डोंगर. उद्यापासून.

४ जानेवारी.
संधी आली! शेंद्र्याच्या एका कंपनीच्या ट्रस्टची जाहिरात. तरुणांना डोंगरातलं नेतृत्व आणि सुरक्षितता शिकवणाऱ्या संस्थेला वर्षभर निधी. दोर, प्रथमोपचार, रेस्क्यू, सगळं. हे तर आपलंच काम.
फॉर्ममध्ये प्रमुख प्रशिक्षकाचा अनुभव विचारलाय. लहानपणी मामाच्या गावी टेकडीवर शेळ्या राखल्या आहेत. ‘उंच भूभागात गटाचं नेतृत्व, सहा वर्षं’ असं लिहिलं. एक अक्षर खोटं नाही.
फोटो मागितला होता. दौलताबादच्या पायथ्याला काढलेला एक सापडला. मागं थोडा बर्फ टाकला. सुरेखानं विचारलं की मागं हिमालय आणि पायात सँडल, हे कसं काय. मग बूट लावले. नेटवर एकाच पायाचा चांगला सापडला, त्यामुळं दोन्ही डावे आले. कोण बघतंय.

९ जानेवारी.
शहागंजला नूरमोहम्मदभाईंच्या रस्सी-ताडपत्रीच्या दुकानात गेलो. डोंगरासाठी मंडपाचा दोर मागितला. आतून हसू आलं. त्यांची मुलगी शाइस्ता. चोवीस वर्षांची. उत्तराखंडात जाऊन महिनाभराचा गिर्यारोहणाचा कोर्स करून आलीय, म्हणे ए ग्रेड. तिनं सांगितलं की मंडपाच्या दोरावर माणूस लटकवला तर मंडपवालाच खांदा द्यायला येईल. जीभ तिखट आहे. तिच्याकडे स्वतःचे दोन दोर आहेत.
दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिच्या वर्गातला एक पोरगा धबधब्याजवळ घसरला. मित्रांनी घाबरून त्याला हातापायाला धरून उचललं आणि मोटारसायकलवर मधे बसवून आणलं. मणका गेला. अजून अंथरुणातच आहे. पडल्यामुळं नाही, उचलल्यामुळं. तेव्हापासून ही पोरांना फुकट शिकवते. वीस जण येतात, पण सामान नाही, जागा नाही. हा निधी मिळाला तर वर्षाला बारा बॅच होतील, नाहीतर तिला आता नोकरी धरावी लागणार.
ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. प्रस्तावात पान तीनवर घेतलं.
तिला सहायक नेमलं. प्रमुख कोण, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मीच. तिनं माझा फोटो बराच वेळ पाहिला आणि पाय ठीक आहेत ना विचारलं. काळजी करणारी मुलगी आहे.

२० जानेवारी. सकाळी १०.
पहाटे उठून शहराजवळच्या साताऱ्याच्या डोंगराला गेलो. आज फक्त पायथ्याचा अभ्यास केला. चहा दोन, पोहे एक. धुकं नव्हतं, पण पडायची शक्यता होती. रिस्क घेतली नाही.

२३ जानेवारी.
आज चढलो. चाळीसेक पावलं. मागं वळून पाहिलं आणि डोंगरच फिरायला लागला. बीपी असेल. खडकाला दोन्ही हातांनी धरून उभा होतो, तेवढ्यात साळूबाई नावाची सत्तरीची म्हातारी शेळ्या घेऊन शेजारून वर गेली. काय हरवलंय का, विचारू लागली. दगड तपासतोय म्हटलं. तर म्हणे व्हय व्हय, बघा निवांत, दगड कुठं पळून जात नाय.
उतरताना बसून उतरलो. ही एक टेक्निक आहे.

१ फेब्रुवारी.
निवड झाली! पहिल्या तीन संस्थांत आपण! १६ तारखेला ट्रस्टच्या सोनिया मॅडम प्रत्यक्ष डोंगरावर प्रात्यक्षिक बघायला येणार. पत्रात शेवटी एक ओळ आहे की प्रमुख प्रशिक्षकांनी स्वतः कडा उतरून दाखवावा. दोनदा वाचली. किरकोळ अट आहे.

५ फेब्रुवारी.
शाइस्तानं डोंगरावर पंचवीस फुटांचा कडा निवडला. पोरं मस्त उतरतात. धम्मपाल नावाचा कॉलेजचा पोरगा तर जिना उतरल्यासारखा उतरला. शाइस्ता मला म्हणाली की अंकल, रोज सकाळी एक तास या, कोणी नसताना शिकवते. फ्लेक्सच्या डिझाइनमुळं वेळ नाही म्हणून सांगितलं. मग हळूच म्हणाली की भीती वाटत असेल तर बोला, सगळ्यांनाच वाटते, तिलाही वाटते.
मी हसलो. भीती आणि मी! लई दिवसांनी एवढा हसलो. सुरेखा म्हणाली, घरी येईपर्यंत घाम कशाचा होता मग.

८ फेब्रुवारी.
फ्लेक्स फायनल. दहा बाय आठ. माझा फोटो पाच फुटी, सोनिया मॅडमचा दोन फुटी, पोरं खाली स्टॅम्प साइजमध्ये. शाइस्ताला जागा उरली नाही. सुरेखानं विचारलं, काम करणारी पोरगी कुठाय. ‘विशेष परिश्रम’ मध्ये नाव टाकलं.
शाली, नारळ, स्मृतिचिन्हं आली. साउंड ठरला. सुरेखा दोनदा विचारून गेली की प्रथमोपचाराची पेटी घेतली का. यादीत आहे. साउंडच्या खाली.

१५ फेब्रुवारी. संध्याकाळ.
सगळी तयारी झाली. रॅपलिंगचे तीन व्हिडिओ पाहिले, एक पूर्ण. अवघड काही नाही. मागं रेलायचं आणि सोडायचं. उद्या पोरांना वर भाषण देता देता उतरावं असा विचार आहे. इम्प्रेशन पडेल.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४. अंथरुणात.
जसं घडलं तसं लिहितो. जवळपास.
सकाळी डोंगरावर वारा होता, फ्लेक्स टिकेना. दुकानातला रामकिसन सुतळी विसरला. शाइस्ताच्या बॅगेत निळा दोर जास्तीचा पडून होता, त्यानं फ्लेक्स दोन झाडांना कड्याच्या वरच आवळून बांधला. काय ताठ बसला! शाइस्ता आली आणि पाहताच तापली. तो जास्तीचा नाही, रेस्क्यूचा दोर आहे, आत्ता काढा म्हणाली. सत्कार झाला की काढू म्हटलं. पाहुण्यांसमोर फ्लेक्स नसणं बरं दिसत नाही.
कार्यक्रम आठचा होता, दहाला सुरू झाला. सत्कार सव्वाअकरापर्यंत. सोनिया मॅडमना भर उन्हात शाल पांघरली. त्यांनी घड्याळ तीनदा पाहिलं. प्रास्ताविकात मी फक्त पस्तीस मिनिटं घेतली.
मग पोरांनी मोडलेला पाय बांधून दाखवला, मान सरळ ठेवून माणूस उचलून दाखवला, कडा उतरून दाखवला. सत्काराचं सामान आवरायच्या गडबडीत मी नीट पाहिलं नाही, पण छान झालं असावं. मॅडम लिहीत होत्या. मग त्या म्हणाल्या, आता प्रमुख प्रशिक्षक.
शाइस्तानं माझ्या कमरेचा हार्नेस तीनदा तपासला. शेवटचं विचारते म्हणाली. मी अंगठा दाखवला.
पहिले आठ फूट उत्तम. कारण डोळे मिटले होते. मग पायाला पाटाएवढी कपार लागली, म्हणून उघडले. ती चूक झाली.
खाली सगळे मुंग्यांएवढे, असं म्हणणार होतो, पण एवढे लहान नव्हते. चेहरे ओळखू येत होते, तेच वाईट. मी एका झुडपाला धरलं. कपारीच्या भूरचनेचं निरीक्षण करतोय असं वरून खणखणीत आवाजात जाहीर केलं. पाच मिनिटांनी पुन्हा जाहीर केलं. वीस मिनिटं झाली. झुडूप काही सुटेना. शाइस्ता म्हणत होती हात सोडा, ती दोरानं सावकाश खाली घेते. हात माझे ऐकत नव्हते. मग मी आईला हाक मारली म्हणे. सुरेखा म्हणते तीनदा. मला दोनदा आठवतंय.
मला सोडवायला दुसऱ्या दोरावरून कोणीतरी खाली यायला हवं होतं. दुसरा दोर अजून फ्लेक्सलाच. शाइस्तानं ओरडून सांगितलं तशी धम्मपालनं गाठ सोडली आणि माझं पाच फुटी तोंड कड्यावरून घरंगळत थेट माझ्या अंगावर आलं. एकदम अंधार. खरं सांगायचं तर आत बरं वाटलं. काही दिसत नव्हतं.
मग फ्लेक्सखाली शाइस्ता शिरली. नेतृत्वाबद्दल एक शब्द बोलली नाही. फक्त तिच्या हेल्मेटकडं बघा आणि श्वास मोजा म्हणाली. एकेक बोट झुडपावरून सोडवलं. खाली आलो. सगळं अंग गेल्यासारखं वाटतंय सांगितलं, तशी पोरांनी मानेला पट्टा लावला आणि स्ट्रेचरवर घेतलं. सहा जणांनी, एक-दोन-तीन म्हणून, एकदम. अंड्यांचा ट्रे उचलावा तसं.
तेवढ्यात टाळ्या. गावकरी, पालक, सगळेच वाजवू लागले. सगळ्यांना वाटलं, हेही प्रात्यक्षिकच. एक पालक म्हणाले, काय ॲक्टिंग आहे.
मी काही बोललो नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

१८ फेब्रुवारी.
पाठ दुखते. दोन विचार येतायत. एक: हे सगळं मीच आखलेलं प्रात्यक्षिक होतं, असं म्हणायला हरकत नाही. दोन: त्या झुडपाची मुळं सुटली असती तर.
शाइस्ताचा फोन आला. तिला नोकरीला एक तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. दोर बांधू दिला ही तिची चूक झाली म्हणाली. तिची! मला जेवण गेलं नाही.

२४ फेब्रुवारी.
सोनिया मॅडमचा फोन. ॲक्टिंग छान होती असं त्या म्हणतील म्हणून वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, ॲक्टिंग करणाऱ्याचे ओठ पांढरे पडत नाहीत. त्यांना पहिल्या मिनिटाला कळलं होतं. निधी मंजूर आहे, कारण खराखुरा घाबरलेला माणूस या पोरांनी ओरखडा न पडता खाली आणला, आणि असं त्यांनी बाकीच्या संस्थांत पाहिलं नाही. दोन अटी. प्रमुख प्रशिक्षक शाइस्ता. आणि प्रत्येक बॅचला जखमी म्हणून मी. तालमीतले जखमी हसतात, म्हणून पोरं शिकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. बारा बॅच. त्याच कपारीवर.
अध्यक्षपद कायम आहे, हे त्यांनी आपणहून सांगितलं नाही, मी विचारून घेतलं.
संध्याकाळपर्यंत दुकानात बसून राहिलो. नाही म्हणायची वाक्यं तयार केली, चांगली होती. मग तो अंथरुणातला पोरगा आठवला. मित्रांनी प्रेमानंच उचललं असेल त्याला. अटींच्या पत्रावर सही करून ते पाठवलं. शाइस्ताला कळवलं तर ती फोनवर रडली. मग मीही. बीपी असेल.
नाही. बीपी नाही. मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून. शेळ्यासुद्धा मी खालूनच राखायचो.

९ मार्च, रविवार. दुपारी.
पहिली बॅच. मनाशी ठरवून गेलो होतो की आज भीती सन्मानानं, मोजकी दाखवायची. कपारीवर पाय टेकला आणि मोजमाप गेलं. आईला एकदाच हाक मारली. प्रगती.
मला उतरवायला एक नवीन मुलगी आली, एकोणीस वर्षांची. तिनं स्वतःची गाठ चारदा तपासली. नियमाप्रमाणं तिनं नाव विचारलं, वय विचारलं. मग काय होतंय, असं विचारलं. चाळीस जण खाली ऐकत उभे होते. मी मोठ्यानं सांगितलं की मला भीती वाटतेय. ती म्हणाली, बरं झालं सांगितलं, आता उतरू.
खाली आल्यावर तिनं कार्ड भरून माझ्या शर्टाला टाचलं. बद्रीनाथ, वय पन्नास, शुद्धीवर, जखमी क्रमांक एक.
क्रमांक दोन कोण, म्हणून विचारलं. यादी बघून म्हणाली, वर्षभर तुम्ही एकटेच आहात.