लेबलवरची नावं

टोलेडो, ओहायो. ४ सप्टेंबर १९८४

नवं गाव, नवी नोकरी! डार्लीनच्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात आज अकरा जणांनी एकाच रेकॉर्डच्या प्रती विकायला आणल्या: 'आयर्न मेरिडियन' या रॉक बँडची पहिलीवहिली. आमच्या पिढीत ती घरोघरी होती. पार्टीत अदलाबदल व्हायची, म्हणून मधल्या लेबलवर जो तो नाव घालायचा. डार्लीननं मला एक बिनओरखड्याची प्रत भेट दिली. म्हणाली, घाल नाव रसेल, आता तू घरचाच. लाखात एक बाई! लेबलवर आधीच पाच नावं, शेवटचं ड्वेनचं. ड्वेन तिचा भाऊ. मागच्या खोलीत कव्हरं पुसतो, तीन वर्षांपूर्वी आवाज गेल्यापासून गप्प. त्याच्याखाली मी झोकात सही ठोकली.

संध्याकाळी टेसाला फोनवर गाऊन दाखवलं. माझी नऊ वर्षांची लेक, आईकडे असते. खिदळत म्हणाली, बाबा, तू बेडकासारखा गातोस!

७ सप्टेंबर

घसा बसलाय. डार्लीननं घरून चिकन सूप आणलं. रेकॉर्ड लावली. शेवटच्या गाण्यात सगळे मिळून ओरडतात, त्यात एक आवाज बेसूर, थेट माझ्यासारखा. हसू आलं.

१० सप्टेंबर

ड्वेन बोलला! मला म्हणाला, काय मित्रा, कॉफी घेणार? डार्लीन त्याच्या गळ्यात पडून रडली. माझा आवाज मात्र पार गेलाय. टेसा फोनवर हॅलो, हॅलो करत राहिली. मग रडवेली होऊन तिनं ठेवून दिला.

११ सप्टेंबर

पुन्हा लावली. तो बेसूर आवाज माझाच आहे. टेसाला हाका मारतोय — ताल चालूच.

डार्लीनला लिहून विचारलं. सरळ म्हणाली, खाली नाव पडलं की वरचा सुटतो. भाऊ आहे रे माझा. तूही शोध कुणीतरी.

हिला मी घरचं समजलो. हिच्या हातचं सूप प्यायलो.

१२ सप्टेंबर

फोडायला उचलली. फुटली तर आवाज कायमचा — ठेवली.

१५ सप्टेंबर, शनिवार

टेसा आलीय. डार्लीननं बोलावलं, माझ्या भल्यासाठी म्हणे. ड्वेननं मला मागच्या खोलीत कोंडलं. दाराला काच आहे. काउंटरवर माझी रेकॉर्ड. डार्लीन तिला सांगतेय, बाबाच्या नावाच्या खाली तुझं नाव घाल, त्याला बरं वाटेल —

मुठी आपटतोय. ड्वेननं दुसरी प्रत मोठ्यानं लावलीय. टेसा पाठमोरी आहे. वळली तर हे पान काचेला —

टेसा लिहू नकोस टे