कोपऱ्यातला नारळ

मंगळवार संध्याकाळ, बोरीवली

फ्रीझर विकणाऱ्याचा फोन सकाळपासून बंद आहे. फ्रीझर आईच्या मासळीच्या धंद्यासाठी घेतला होता, तिच्याच साठवलेल्या पैशांतून. ज्या साइटवर त्याची जाहिरात पाहिली तिथूनच भरले असते, तर माल हातात येईपर्यंत पैसे साइटकडेच सुरक्षित राहिले असते. मला ठाऊक होतं. पण तो मालवणीत बोलला, "गाववाल्याक कोण फसवता रे? थेट माका पाठव." आणि मी पाठवले. गावातली वाडी कुठली, एवढंसुद्धा विचारलं नाही. मी, साधं बिल तीनदा वाचणारा!

आईने कोपरा रिकामा करून तिथे पूजेचा नारळ ठेवलाय. "टेम्पो कधी येतलो?" विचारलं तिने. "उद्या" म्हणालो. का म्हणालो?

आत्ता पुन्हा फोन लावला. बंद. बाहेर आई शेजारच्या काकूंना माझ्याबद्दल सांगतेय, "सकाळी ये गो. नारळ माझो झीलच फोडतलो."