रांग मोडायची नाही

१७ ऑक्टोबर, मंगळवार

हॉस्पिटलमधल्या नर्स कोरीनला चौकशी होईपर्यंत कामावरून घरी बसवलं आहे. आज को-ऑपच्या दुकानात बटाटे निवडताना कळलं. म्हणून लिहायला बसले. चूक तिची नाही, माझी आहे. आणि हे मला घरात किंवा गावात कोणालाही सांगता आलेलं नाही.

रोजनिशी मी कधी लिहिली नाही. शाळेत पोरांना लिहायला लावायची. स्वतःचं मन कागदावर काढणं म्हणजे वेळ घालवणं, असं वाटायचं.

झालं ते सरळ लिहिते.

नऊ तारखेला थँक्सगिव्हिंग. आदल्या दिवशी सभागृहात गावजेवण होतं. माझ्या नवऱ्याने, मायरनने, टर्की, कोबीचे रोल, बटाटा भरलेल्या उकडलेल्या पिरोगी, सगळं दोनदा घेतलं. सोमवारी सकाळी म्हणाला, छातीत जळजळतंय. मी सोडा दिला आणि आणखी खा म्हणून सुनावलं. दुपारी म्हणाला, जबडाही दुखतोय. तेव्हा गाडी काढली.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात खुर्ची रिकामी नव्हती. शेजारच्या गावातला विभाग डॉक्टर नाही म्हणून बंद, तिथले सगळे आमच्याकडे. वर सणाची सुट्टी. दाराशी टेबलावर, कोणाला आधी आत घ्यायचं ते ठरवायला, एकटी कोरीन. माझी विद्यार्थिनी — आता चाळिशी ओलांडलेली, पण माझ्यासमोर अजून उभी राहते. तिने मायरनकडे बघितलं, उठून आमच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाई, तुम्ही आत या. काकांना मी आधी बघते.”

हळू म्हणाली, तरी त्या खोलीत सगळं ऐकू जातं. समोर एक तरुण आई तापलेलं मूल मांडीवर घेऊन सकाळपासून बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, “कोरीन, ओळखीवर रांग मोडायची नाही. हेच शिकवलं का मी तुला?”

ती लाल झाली. टेबलामागे जाऊन बसली. तिथूनच तिने मायरनला विचारलं, किती दुखतंय? तो म्हणाला, थोडंसं. इथल्या पुरुषांचा पाय ट्रॅक्टरखाली आला तरी ते थोडंसंच म्हणतात. मग हायवेवरच्या अपघाताची अॅम्ब्युलन्स आली आणि कोरीन तिकडे धावली. बराच वेळ कोणी आलं नाही. मायरन पाणी आणायला उठला आणि कोकच्या मशीनपाशी कोसळला.

विमानाने शहरात नेलं. वाचला. पण हृदयाचा मोठा भाग कामातून गेला आहे. काल घरी आणला, नाकात नळ्या घालून.

एक गोष्ट राहिली. कोरीनला तसं बोलून मी खुर्चीत बसले, तेव्हा कोट सारखा केला आणि ताठ बसले. मला स्वतःचा अभिमान वाटला होता. शेजारी तो घाम पुसत होता.

१८ ऑक्टोबर

प्राणवायूचं यंत्र दिवसभर घरघरतं. हॉस्पिटलच्या उसन्या सामानाच्या खोलीतून आणलं आहे, चाकाची खुर्चीही. मायरन म्हणतो, जुन्या फ्रीजसारखा आवाज आहे, सवय होईल.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

लॉर्नचा कॅल्गरीहून फोन. तक्रार त्यानेच केली आहे. मला न विचारता. मुलगा आहे, त्याचा हक्क आहे.

म्हणाला, “आई, जन्मभर ज्या सरकारी विम्याचे गोडवे गायलीस, त्याने बाबांना खुर्चीत बसवून ठेवलं. पैसे भरून लगेच आत घेणारा दवाखाना असता, तर मी भरले असते.”

एरवी मी त्याला तिथेच गप्प केलं असतं. मीच गप्प बसले. त्याला वाटलं मी रडते आहे. आवाज मऊ करून म्हणाला, त्या नर्सला मी सोडणार नाही, तू काळजी करू नकोस.

२२ ऑक्टोबर, रविवार

वॉल्ट फ्रीसेन सूप घेऊन आला. धान्याच्या कोठारावर आयुष्यभर वजनं करणारा माणूस. बोलतोही तसाच, काटा स्थिर झाल्यावर.

पाच तारखेला सभागृहात जाहीर चर्चा आहे. सगळ्यांचा विमा सरकारनेच चालवायचा, की ज्याला परवडतं त्याला पैसे भरून पुढे जाऊ द्यायचं? हे उन्हाळ्यातच ठरलं होतं. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने वॉल्ट. गेल्या वेळी मी त्याचा पार भुगा केला होता. त्याच्या बायकोने खुबा बदलून मिळेपर्यंत दोन हिवाळे काठीवर काढले होते, तेही त्याने सांगितलं होतं. मी म्हणाले होते, वाईट वाटतं, पण तिच्याआधी तिच्याहून जास्त अडलेले होते.

आज म्हणाला, “मास्तरीणबाई, आपल्याकडे खिसा बघून नाही, गरज बघून नंबर लागतो, असं तुम्ही म्हणता. मग मायरनची गरज का नाही बघितली कोणी?”

कोणी बघितली नाही म्हणे! मी सूपचं भांडं धुवायला लागले.

मग त्याने विचारलं, भाषणात मायरनचं नाव घेऊ का? तुम्ही नको म्हणालात तर नाही घेणार. मी म्हणाले, कळवते. तो माझ्याकडे बघतच राहिला. भांडण करायच्या तयारीने आला होता बिचारा. जाताना पायऱ्यांवरचा बर्फ काढून गेला.

२४ ऑक्टोबर

आज आमच्या बाजूच्या, सरकारी विमा टिकवू पाहणाऱ्या लोकांचा फोन. प्रांताच्या कचेरीतून. फार सहानुभूतीने बोलले. चर्चेत मायरनचा विषय निघणारच, तर तुम्हीच आधी काढा, म्हणाले. सांगा की ही एका व्यक्तीची चूक आहे, व्यवस्थेची नाही. तुम्ही सांगितलंत तर लोक मानतील.

फोन ठेवला आणि तसं भाषण लिहून काढलं. चांगलं झालं आहे. कोरीनचं नाव न घेता कोरीन पुरी संपते त्यात.

संध्याकाळी पावलोची आठवण आली. माझा धाकटा भाऊ. पोट दुखतंय म्हणून दोन दिवस रडला. मागचं बिल थकलं होतं, म्हणून वडील डॉक्टरकडे न्यायला लाजले. नेलं तेव्हा उशीर झाला होता. पुढच्याच वर्षी, बासष्ट साली, सगळ्यांचा विमा आला. विम्यावर चिडलेल्या डॉक्टरांनी संप करून दवाखाने बंद केले. तेव्हा वडील मला हाताला धरून विम्याच्या बाजूच्या प्रत्येक सभेला न्यायचे. माझी सगळी मतं तिथली आहेत. पुस्तकातली नाहीत.

वडील लाजले, म्हणून पावलो गेला. आणि मी?

२५ ऑक्टोबर

भाषण चुलीत घातलं.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

कोरीनकडे गेले. ती चर्चच्या विक्रीसाठी पिरोगी करत होती. ओटाभर पीठ. मला बघून हात पुसले आणि उभी राहिली. मी म्हणाले, बस. म्हणजे तिच्याच घरात तिला मी बसायला सांगितलं.

मी विचारलं, चौकशीवाल्यांना का नाही सांगितलंस? तू बोलावलंस आणि मी नाही म्हणाले, एवढंच सांगायचं होतं.

तिने पुन्हा पीठ मळायला घेतलं. म्हणाली, “काय सांगू? बाई रागावल्या म्हणून पेशंट तपासला नाही? एवढी मोठी नर्स मी.”

मी म्हणाले, पण तू बरोबर होतीस. त्याचा चेहरा बघून तुला कळलं होतं.

तिने पीठ झाकून ठेवलं. मग जे बोलली त्याने माझी जास्त झोप उडाली आहे.

“तेच तर मला ठाऊक नाही, बाई. काकांचा रंग मला आवडला नव्हता, हे खरं. पण तुम्ही तसं म्हणालात आणि मला वाटलं, खरंच की काय? तुम्ही होतात म्हणूनच मी उठले का? दुसरा कोणी म्हातारा असता तर उठले असते का? हा विचार करत बसले. तेवढ्यात अॅम्ब्युलन्स आली.”

म्हणजे मी तिला नुसतं अडवलं नाही. स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लावली. तीस वर्षं मी नेमकं उलटं शिकवते आहे, अशा समजुतीत होते.

निघताना तिने डबाभर पिरोगी दिल्या. मायरनकाकांना मीठ कमी, म्हणाली. मी घेतल्या. नको म्हणायचं तोंड नव्हतं.

२९ ऑक्टोबर, रविवार

आज मायरनला सांगितलं. तो खिडकीत बसून शेजाऱ्याचं कापणीचं कंबाईन शेडमध्ये जाताना बघत होता. मी समोर खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. दम खाल्ला. म्हणाला, “लुबा, मी तिथेच होतो की.”

अर्थात! तो माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. इतके दिवस मी हे गुपित त्याच्यापासून जपते आहे, आणि तो सगळं ऐकून बसलेला.

मग तू का नाही बोललास, मी ओरडलेच. मला म्हणायचं, बाई गप्प बस, मला आत जायचंय!

“तुझी विद्यार्थिनी समोर होती. सगळी खोली ऐकत होती. तिथे तुला कसं खोटं पाडू?” थांबला, यंत्राकडून थोडी हवा घेतली. “आणि तू वर्गात असलीस की मधे बोललेलं तुला चालत नाही.”

हसला. मला हसू आलं नाही. त्याने माझा हात धरला. मी काढून घेतला, स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

आज तीस तारीख, हेही इथेच लिहून ठेवते: सकाळी त्याने पुन्हा हात पुढे केला. या वेळी मी काढला नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

सभागृह भरलं होतं. गावजेवणाचीच लांब टेबलं भिंतीला लावली होती. मायरन हट्टाने आला, खुर्चीवरून, दाराजवळ बसला. लॉर्न कॅल्गरीहून आला होता. कोरीन आली नव्हती.

आधी माझी पाळी. कागद नव्हता. हात कुठे ठेवायचे कळेना.

मी सांगितलं की मायरनला थांबायला लावलं ते कोरीनने नाही आणि विम्यानेही नाही. मी लावलं. ती बोलावत होती, मी तिला सगळ्यांदेखत गप्प बसवलं. मला वाटलं, ती ओळख बघते आहे. ती गरज बघत होती. ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर या स्टेजवरून बोलले, ती समोर चालत आली आणि मला ओळखता आली नाही.

पुढे म्हणाले, त्या दिवशी एवढ्या माणसांना एकच नर्स होती आणि शेजारचा विभाग बंद होता, हेही खरं आहे. त्याचा जाब सरकारला विचारा. मीही विचारीन. मला अजून वाटतं, रांग एकच असावी. पण रांगेत कोण कुठे, हे रांगेतल्या माणसाने ठरवायचं नसतं.

खाली बसले. टाळ्या नाहीत.

वॉल्ट उठला. खिशातून कागद काढला, बघितला, परत ठेवला. म्हणाला, “मास्तरीणबाई, माझं सगळं भाषण मायरनवर होतं. आता मी काय बोलू?” लोक थोडे हसले. मग तो बायकोच्या काठीबद्दल बोलला, त्या दोन हिवाळ्यांबद्दल. भाषण नव्हतंच ते. मला उत्तर द्यायची संधी दिली तेव्हा मी उठले नाही. त्याच्या बायकोला गेल्या वेळी जे उत्तर दिलं होतं, ते आठवत होतं.

लॉर्न भेटला नाही. गाडी निघून गेली होती. चर्चा कोणी जिंकली हे ठरवायचंच राहिलं.

६ नोव्हेंबर

चौकशी करणाऱ्यांकडे जाऊन काल बोलले तेच सांगितलं. त्यांनी टाइप करून घेतलं, मी सही केली. समोरच्या मुलीने विचारलं, तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का? मी म्हणाले, माझ्यावर कधी कोणी टाकू शकलेलं नाही. तेच तर झालं.

९ नोव्हेंबर

लॉर्नचा फोन नाही.

१६ नोव्हेंबर

फोन आला. मायरनशीच बोलला. शेवटी मायरनने मला खूण केली आणि फोन माझ्या कानाला लावला. “आई, जेवतेस ना?” एवढंच म्हणाला. पुरे.

२० नोव्हेंबर, सोमवार

कोरीन आजपासून पुन्हा रुजू. वॉल्टने येऊन सांगितलं, स्वतःच्या पोरीची नोकरी असल्यासारखा खुश होता. माझ्या अंगातला एक खिळा निघाला. बाकीचे आहेत.

मायरनच्या पायांवर सूज. शहरातल्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. त्यांनी कधीही आमच्याकडे एक पैसा मागितला नाही. हे वॉल्टला ऐकवायचा मोह झाला आणि त्या मोहाचीच लाज वाटली.

३ डिसेंबर, रविवार

मायरन सकाळी गेला. चहा अर्धा राहिला. यंत्र मीच बंद केलं.

११ डिसेंबर, सोमवार

हॉस्पिटलच्या उसन्या सामानाच्या खोलीत परत दिलं: प्राणवायूचं यंत्र, न उघडलेल्या नळ्या, चाकाची खुर्ची, मायरनसाठी मी शिवलेली खुर्चीची गादी. कोरीनने ताब्यात घेतलं. ड्यूटीच्या कपड्यांत होती. पोचपावती देता देता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “बाई, तुमचा रंग मला बरा दिसत नाही. आत या.”

खोली माणसांनी भरलेली होती. सगळ्यांनी ऐकलं. मी कोणाकडे बघितलं नाही. आत गेले.