मातेओनं घेतलेलं माझं सोंग

२ फेब्रु., सोम.
आजचं क्रियापद: दिस्फ्रासार्से. सोंग घेणे, वेष बदलणे. स्पॅनिश ॲपवाली बाई मधे 'स' म्हणते, नातू मातेओ 'थ' म्हणतो. खरं कोणाचं धरावं? दहादा घोकलं. शालू स्वयंपाकघरातून, "या वयात पोपटावानी काय घोकून राहिले?" कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला, बायकोची इतकी बोलणी कधी खाल्ली नाहीत.
पण मातेओ सहाचा झाला. स्पेनमधेच जन्मला, अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही. मराठी कळतं त्याला, बोलत नाही. मग दोघांपैकी एकानं शिकायलाच हवं.

५ फेब्रु., गुरु.
फोनवर मातेओ: "मे दिस्फ्राथो दे आबुएलो." आबुएलो म्हणजे आजोबा, एवढं येतं. मला वाटलं, मलाच सोंग घ्यायला सांगतोय. वाघ होऊ का, विचारलं. लेकीनं, प्रीतीनं, उलगडा केला. तेराला शाळेत कार्निव्हल. कोणी वाघ, कोणी पोलीस होणार. हा आजोबा होणार. म्हणजे मी.
माझं कसलं सोंग? बनियन नि लुंगी?
प्रीती म्हणे, "फेट्यातला फोटो पाठवा न बाबा. टीचरले इंडियाचं काहीतरी पायजे." जन्मात फेटा बांधला नाही. एकदाच बांधायचा होता, तिच्या लग्नात. गेलो नाही. तोंड दाखवू नको म्हणालो होतो लेकीला. चार वर्षं फोनसुद्धा नव्हता. आज तिनं ते काढलं नाही, मीही नाही.

८ फेब्रु., रवि.
साळ्याचा फेटा आणला, त्याच्याकडूनच बांधून घेतला, फोटो पाठवला. मातेओनं पाहिला. "किएन एस?" हे कोण? अर्थ लगेच कळला, ॲप लागलं नाही.
मग हेल्मेट आठवलं, पिवळं, ड्यूटीचं. पाठवलं तरी वेळेत पोचणार नाही. शिवाय त्या हेल्मेटची एक जुनी गोष्ट आहे. प्रीती पण तेव्हा सहाचीच. तान्ह्या पोळ्याला कॉलनीतली पोरं सोंगं घेऊन, लाकडी बैल ओढत दारोदार फिरायची. तिला 'बाबा' व्हायचं होतं, हेल्मेट मागत होती. ड्यूटीची चीज सोंगाला देत नसतात, म्हटलं मी. झाशीची राणी केली तिला. रडतच गेली.
आज विचारलं, आठवते का? "आठवते न बाबा." रागानं म्हणाली की सहज, फोनवर काही कळत नाही.

११ फेब्रु., बुध.
प्री. पुन्हा म्हणाली, स्पेनला या. पासपोर्टचा फॉर्म दिवाळीपासून टीव्हीखाली पडलाय. सायबर कॅफेवाला म्हणाला होता, घरी भरून आणा, मी चढवतो. पण कोणत्या तोंडानं जाऊ?
क्रियापद पाठ झालं. वापरायचं कुठे?

१३ फेब्रु., शुक्र.
फोटो आला. फेटा नाही, काही नाही. मातेओनं तोंडापुढे पुठ्ठ्याचा मोठा फोन धरलाय, मधे चौकोन कापलेला. चौकोनात त्याचं कपाळ. फक्त कपाळ, पांढऱ्या केलेल्या भुवया, अर्धा चष्मा. वर कोपऱ्यात रंगवलेला पंखा. आमच्याच हॉलचा. कपाळावर पेनानं तीन रेघा.
प्री.नं खाली लिहिलंय, आम्ही काहीच सांगितलं नाही, त्यानंच केलं.
शालू हसून हसून खाली बसली. "फोन नाकाशी धरता न तुमी. पोट्ट्यानं आजवर तुमचं कपायच पाह्यलं." मीही हसलो. मग हसता येईना. वाईट वाटलं, खूप. आणि छाती फुगली तीही खोटी नाही. दोन्ही एकदम कसं होतं, मला समजलं नाही. शालूला विचारलं, त्या रेघा कसल्या? म्हणे, "आठ्या हायेत. प्रीतीच्या लग्नापासूनच्या."
आरशात पाहिलं. तीनच आहेत.

१५ फेब्रु., रवि.
फॉर्म काढला. नाव, जन्मगाव उमरेड, सगळं भरलं. 'दिसणारी ओळखीची खूण' इथे अडकलो. तीळ नाही, व्रण नाही.
शालू भाजी निवडत होती. "लिहा न. पोट्ट्याले ठाऊक हाये, तुमाले काहून नाही?"
पेन हातात आहे. फॉर्म भरतोय हे प्रीतीला अजून सांगितलेलं नाही.